पाण्यात जाऊ नकोस

गेल्या रविवारी दुपारी पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, आता तूच सांग तुझ्या नातीला. आमचं कुणाचं ऐकत नाही ती. तुझं ऐकते."

नात स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला शिकते. तिथे गेल्यावर तिला एक नाद लागला, सर्फिंगचा. फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटेवरून घसरत यायचं, तो खेळ. पहिल्यांदा ॲबरडीनच्याच किनाऱ्यावर शिकली. मग डनेट नावाच्या ठिकाणी वाळूच्या किनाऱ्यावर, आणि गेल्या हिवाळ्यात थर्सोला. थर्सो म्हणजे स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाचं गाव. तिथे एक नदी दलदलीच्या कुजट मातीतून वाहत येऊन समुद्राला मिळते, त्यामुळे पाणी तपकिरी. "आज्जी, अगदी आपल्या कोऱ्या चहासारखं, फक्त बर्फगार," असं तिनं मला सांगितलं होतं. इथवर सगळं ठीक होतं. फोटो यायचे, आम्ही नातेवाइकांना दाखवायचो, कौतुक व्हायचं.

आता जानेवारीत चौघं मिळून नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर जाणार आहेत. उन्स्टाड नावाचं खेडं. उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, ६८ अंशांवर. डिसेंबरात तिथे सूर्य उगवायचा बंद होतो तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा जेमतेम तोंड दाखवतो. समुद्राचं पाणी पाच-सहा अंश. काठावर बर्फ. आणि आमच्या बाईसाहेब त्या पाण्यात उतरणार, तेही स्वतःचे पैसे खर्चून!

शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बाप्पा! इतका पैसा घालून कुडकुडाले जाते का कोनी?"

मलाही आधी तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मी पुलगावची. आमच्या गावापासून समुद्र सातशे किलोमीटरच्या वर. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, आणि घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं नव्हतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा थंड पाणी म्हणजे माठातलं, एवढीच आमची कल्पना. पण लेकीला "बरं, सांगते" म्हटल्यावरही मी नातीला लगेच फोन केला नाही. आधी चार दिवस वाचलं. बाईपणाची खोड, दुसरं काय. वर्गात जाण्याआधी धडा वाचायचाच.

वाचता वाचता पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की लाटांचं माहेर थंड प्रदेशातच आहे.

मी मराठीबरोबर भूगोलही शिकवायची. लाट म्हणजे पाणी पुढे जाणं नव्हे, हे मुलांना पटवताना ज्वारीच्या शेताचं उदाहरण द्यायची. वारा आला की शेतावरून एक लाट धावत जाते, पण ताट जागचं हलत नाही. समुद्रातही पाणी साधारण जागच्या जागी वरखाली फिरतं, पुढे जाते ती ऊर्जा. वारा जितका जोराचा, जितका जास्त वेळ आणि जितक्या लांब पट्ट्यावरून वाहणारा, तितकी लाट मोठी. असे वारे हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमध्ये आणि बाराही महिने अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात. वादळ तिथेच राहतं, लाटा मात्र हजारो किलोमीटर चालत येतात. १९६३ साली वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने न्यूझीलंडपासून अलास्कातल्या याकुटाटपर्यंत मोजणीची ठाणी मांडून हे सिद्ध केलं. दक्षिणेच्या वादळात जन्मलेल्या लाटा अख्खा प्रशांत महासागर ओलांडून दहा हजारांहून जास्त किलोमीटरवर उत्तरेला पोचल्याचं त्याच्या उपकरणांनी टिपलं. आता त्याच याकुटाटला सर्फिंगवाले जातात.

आपल्याकडेही याचा अनुभव आहे. केरळात आकाश निरभ्र असताना, वारा नसताना अचानक समुद्र घरात शिरतो. त्याला तिथले कोळी 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. तो चोर येतो थेट दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांतून. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था आता त्याचा आधी इशारा देते. म्हणजे कोवळमला कोमट पाण्यात फळी घेऊन खेळणारं पोरही थंड प्रदेशाकडून आलेल्या लाटेवरच खेळत असतं. नातीचं म्हणणं एवढंच, की लाट आपल्याकडे येण्याची वाट का बघायची, तिच्या गावी जाऊ. हे मला पटलं. सासुरवाशिणीला भेटण्यापेक्षा माहेरवाशिणीला भेटण्यात मजा आहेच.

दुसरी गोष्ट. हा श्रीमंतांचा चाळा आहे, असं लेक म्हणते. काही अंशी आहेच. पण उन्स्टाडची सुरुवात कशी झाली ते वाचलं आणि मला फार गंमत वाटली. तिथे पहिल्यांदा लाटेवर उभे राहिले ते कोणी धनिक नव्हते. थोर फ्रान्ट्झेन आणि हान्स एगिल क्राने हे दोन तरुण जहाजावर नोकरी करणारे. ऑस्ट्रेलियात सिडनीला त्यांनी हा खेळ पाहिला आणि १९६३ मध्ये गावी परतल्यावर हाताला लागेल त्या सामानातून स्वतःच फळ्या बनवल्या. (मंकचं आणि यांचं साल एकच, योगायोग बघा.) नमुना म्हणून त्यांच्याजवळ काय होतं, तर एका अमेरिकन गाण्याच्या तबकडीच्या वेष्टनावरचं चित्र! आमच्या गावच्या पोरांनी जुन्या ट्यूबची होडी करावी तसलाच प्रकार. त्या भागात कडाक्याच्या थंडीतही समुद्र गोठत नाही, कारण अटलांटिकमधून येणारा उष्ण प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो. हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहून दिलं, 'नॉर्वेची बंदरे हिवाळ्यातही खुली असतात, कारणे द्या.' दोन गुणांना. त्या दोन गुणांच्या उत्तरात माझी नात एक दिवस पोहायला उतरेल असं कधी वाटलं नव्हतं.

आता थंडीचं काय? पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. म्हणून पाच अंशांची हवा आणि पाच अंशांचं पाणी यांची तुलनाच नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी एक सोपं सूत्र सांगितलं आहे, एक-दहा-एक. गार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वासाचं. धाप लागते, तोंडात पाणी जातं, बरेच जण इथेच जातात. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, तेवढ्यात काय करायचं ते करा. आणि मग साधारण एक तास, शुद्ध हरपेपर्यंत. आपल्याला वाटतं माणूस गारठून मरतो. तो बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, घाबरून आणि दमून बुडतो.

यावर उपाय निघाला तो रबरी सुटाचा. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियात ह्यू ब्रॅडनर हा भौतिकशास्त्रज्ञ आरमाराच्या पाणबुड्यांसाठी पोशाख शोधत होता. अणुबॉम्बच्या प्रकल्पातही याने काम केलेलं. त्याला सुचलं की माणूस कोरडा ठेवायची गरजच नाही. नियोप्रीन नावाच्या कृत्रिम रबरात बारीक बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, ते थंडी अडवतात. आत शिरलेलं थोडंसं पाणी अंगाच्या उबेने तापतं आणि तसंच राहतं. आपल्या गोधडीचंच तत्त्व, ऊब गोधडीत नसते, तिच्यात अडकलेल्या हवेत असते. त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या जॅक ओनीलने सर्फिंगवाल्यांसाठी असे सूट विकायला सुरुवात केली आणि हा खेळ उष्ण देशांतून थंड देशांकडे सरकला. पुढे १९७१ मध्ये फळी पायाला बांधायच्या रबरी दोरीने याच ओनीलचा एक डोळा घेतला, फळी उलटून तोंडावर आली. त्याने खेळ सोडला नाही, दोरी सुधारली गेली.

हे सगळं वाचून माझी भीती कमी झाली का? थोडी. पण खरं सांगायचं तर मी फोन लांबवत होते त्याचं कारण थंडी नव्हती. कारण आमच्याच गावचं होतं.

ही गोष्ट मी आजवर लिहिलेली नाही. घरातल्यांनाही अर्धीमुर्धीच माहीत आहे.

१९८४ चा डिसेंबर. आठवीच्या वर्गाची सहल काढली होती, लांब नाही, इथेच वर्धा नदीच्या काठावर. नदी आमच्या गावाची सख्खी. तिच्यावरच्या पुलामुळेच पुलगाव म्हणतात. डिसेंबरात पाणी उथळ, स्वच्छ, तळाची रेती दिसते. मुलं पाण्यात उतरली. आम्ही चार शिक्षक काठावर, कुणी भाताकडे बघतंय, कुणी हजेरीच्या वहीत. एक मुलगा चार पावलं पुढे गेला आणि दिसेनासा झाला. तिथे डोह होता. वरून काहीच कळत नव्हतं. मुलं ओरडली. आम्ही चौघं धावलो आणि पाण्याच्या कडेला येऊन थांबलो. चौघांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं. खालच्या बाजूला जाळं टाकणारे ढिवर धावत आले, त्यांनी त्याला बाहेर काढलं. उशीर झाला होता.

पुढच्या आठवड्यात त्याची आई शाळेत आली. दप्तर न्यायला. शेतावर मजुरीला जाणारी बाई. ती रागावली नाही, रडली नाही. मला फक्त विचारलं, "बाई, तुमच्यातल्या कोनालेच पोयता येत नोयतं का जी?"

मी काही उत्तर दिलं नाही. आणि काय केलं? शाळेने यापुढे नदी, तलाव, धरण अशा कोणत्याही ठिकाणी सहल नेऊ नये, असा अर्ज लिहिला. मसुदा माझाच, पहिली सहीही माझीच. तो मंजूर झाला आणि मी निवृत्त होईपर्यंत चालू राहिला. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आम्ही असं दिलं. वर्गात रोज सांगायचं, पाण्यात जाऊ नका. घरी लेकीला सांगायचं, पाण्यात जाऊ नकोस. लेकीला पोहता येत नाही ते माझ्यामुळे. म्हणून आज तिला तिच्या लेकीची भीती वाटते, तर ती भीती माझ्याच घरून गेलेली आहे.

आणि मुलं बुडायची थांबली का? नाही हो. शाळेबरोबर जात नव्हती, शाळा बुडवून जाऊ लागली. दरवर्षी पोळ्याला बैल धुताना, गणपती बुडवताना, उन्हाळ्याच्या सुटीत पेपरात बातमी असतेच. आता तर रेती उपसून नदीत जागोजागी खड्डे झालेत, जिथे काल गुडघाभर पाणी होतं तिथे आज डोक्यावरून. देशात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं पाण्यात बुडून जातात. जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगते आहे की शाळकरी वयाच्या मुलांना पोहणं आणि दुसऱ्याला सुरक्षितपणे वाचवणं शिकवा. मनाई करा असं ती कुठे म्हणत नाही.

फेब्रुवारी २०१६ ची ती मुरुडची घटना आठवते का? पुण्याच्या कॉलेजची सहल मुरुड-जंजिऱ्याला गेली होती, चौदा मुलंमुली समुद्रात गेली. पाणी कोमट. दिवसाउजेडी. घरापासून चार तासांवर. तिथे ध्रुववृत्त नव्हतं, बर्फ नव्हता, अंधार नव्हता. तेव्हा लेकीला माझं सांगणं असं, की थंड आणि दूर म्हणजे धोक्याचं, ऊबदार आणि जवळचं म्हणजे सुरक्षित, हा हिशेबच मुळात चुकलेला आहे. धोका असतो तो न कळणाऱ्या पाण्यात. पुलगावच्या पोराला दोन किलोमीटरवरची वर्धा नदी जितकी दुर्गम आहे, तितकं माझ्या नातीला उन्स्टाड दुर्गम नाही. दुर्गम आम्ही केली ती. मी केली.

धोक्याबरोबर शिस्तीने राहणं आमच्या गावाला नवीन नाही. दारूगोळ्याचं एवढं मोठं भांडार उशाशी घेऊन हे गाव पिढ्यान्‌पिढ्या झोपतं. मे २०१६ अखेरीस त्या भांडारात मध्यरात्री आग लागली, जवान आणि अग्निशमनवाले गेले, तो आवाज अजून कानात आहे. पण म्हणून कुणी दारूगोळ्याला हात लावू नका असं म्हणालं नाही. हात कसा लावायचा ते आणखी काटेकोर शिकवा, असंच म्हणाले. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण शिकवणं सोडून देतो.

थंड पाण्याला सरावलेली आपली माणसंही आहेत, हे मला या निमित्ताने नव्याने कळलं. पुण्याचा रोहन मोरे. जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहून जाणारा पहिला भारतीय, २०१८ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून त्याने सातही पुऱ्या केल्या. २०२३ मध्ये मुंबईच्या प्रभात कोळीने तेच केलं. या सातांत आयर्लंड आणि स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनेल आहे, बारा-चौदा अंशांचं पाणी आणि अंगाला डसणाऱ्या जेलीफिशांचे थवे. आणि नियम असा की रबरी सूट घालायचा नाही, साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, चष्मा, बस. त्यांच्यापुढे आमची नात गोधडी पांघरून निघालेली म्हणायची!

आणि नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे. २००९-१० मध्ये एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' आपल्या गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली, नावही तिथल्याच नदीचं. दक्षिण महासागराच्या त्या लाटांच्या माहेरातून, केप हॉर्नला वळसा घालून ते परत आले. मला भावलं ते धाडस नव्हे. प्रवास नऊ महिन्यांचा, तयारी तीन वर्षांहून जास्त. आपण सत्कार करतो तो नऊ महिन्यांचा, आणि पोरांना सांगतोही तेवढंच.

नातीच्या खेळातही मला जे आवडलं ते पाण्याबाहेरचंच. ही मंडळी किनाऱ्यावर गेल्या गेल्या पाण्यात उड्या टाकत नाहीत. अर्धा अर्धा तास नुसती बघत बसतात. लाटा किती किती वेळाने येतात, मोठ्या लाटांचा घोळका कधी येतो, पाणी परत समुद्रात कुठून ओढलं जातं. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, आडवं पोहून बाहेर पडायचं, हे पहिल्या धड्यात शिकवतात. एकट्याने उतरायचं नाही. शंका आली तर चहा पिऊन घरी. आम्ही त्या दिवशी नदीकडे पाच मिनिटं जरी असं बघितलं असतं... त्या ढिवरांना विचारलं असतं, दादा, इथे खोल कुठे आहे? ते पन्नास पावलांवर होते. असो.

आता जिथे माझं नातीशी जमत नाही ते सांगते, म्हणजे मी अगदीच तिच्या बाजूची झाले असं वाटायला नको. एक तर तो सूट. नियोप्रीन बनवण्याचं रसायन निसर्गाला आणि माणसाला बरं नाही. अमेरिकेत लुईझियानामध्ये ते बनवणारा एक कारखाना होता, शेजारच्या गरीब काळ्या वस्तीला त्याच्या धुराने कर्करोगाचा धोका म्हणून वर्षानुवर्षं भांडण चाललं, अखेर २०२५ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. आता झाडाच्या चिकाच्या रबराचेही सूट मिळतात म्हणे. नातीचा सूट दुसऱ्याने वापरलेला, निम्म्या किमतीत घेतलेला आहे. हे मला चाललं. आपल्याकडे मोठ्या भावाचं स्वेटर धाकट्याला यायचं, त्यात कमीपणा नव्हता.

दुसरं म्हणजे विमान. थंड, स्वच्छ, निर्जन जागा हवी म्हणून विमानाने जायचं, त्या विमानाच्या धुराने ती जागा थोडी कमी थंड करायची, मग फोटो टाकायचे, मग आणखी चारशे जणांनी जायचं. लोफोटेनचे रस्ते अरुंद, खेड्यांत मोजकी घरं, आणि उन्हाळ्यात पर्यटकांच्या गाड्यांनी तिथले लोक कातावलेले असतात. हे सर्फिंगवाले स्वतःच चांगल्या लाटेचं ठिकाण कुणाला सांगत नाहीत, आमच्याकडचा मासेमार आपला डोह सांगत नाही तसं. आणि तरी फोटो टाकायचा मोह आवरत नाही! हा दुटप्पीपणा मला कळत नाही. 'दुर्गम' हा शब्दही मला खटकतो. उन्स्टाडच्या माणसाला उन्स्टाड दुर्गम नाही, ते त्याचं घर आहे. दूर आहोत ते आपण.

माझं मत असं, की दूर जायचं असेल तर क्वचित जावं आणि गेलं तर राहावं. पाच दिवसांसाठी जाऊन पाण्याची ओळख होत नाही. पाच दिवसांत तीन दिवस वादळ असलं तर चौथ्या दिवशी पैसे वसूल करायला माणूस नको त्या पाण्यात उतरतो. तिकिटाची किंमत हा थंडीपेक्षा मोठा धोका आहे, हे माझं शोधलेलं सूत्र. सहलींना नेलेल्या मुलांच्या डोळ्यांत मी ते पाहिलेलं आहे. एवढ्या लांब आलो, आता पाण्यात नाही उतरायचं?

गुरुवारी रात्री फोन केला. तिला वाटलं आज्जी ओरडणार. मी म्हटलं, नाही, तोंडी परीक्षा आहे. सहा प्रश्न. कागदावर लिहून ठेवले होते.

पहिला, बरोबर कोण आणि त्यांतल्या किती जणांनी याआधी अशा थंडीत पाण्यात पाय ठेवलाय? दोघांनी, म्हणाली. दुसरा, सूट किती जाडीचा? सहा मिलीमीटर, डोक्याला टोपी, हातमोजे, पायमोजे. कानाचं सांगायलाही विसरली नाही, गार पाण्याने वर्षानुवर्षं कानात हाड वाढतं म्हणून बोळे घालते. तिसरा, तिथल्या पाण्याचा माहीतगार कोण? पहिले दोन दिवस तिथल्याच सर्फिंगच्या शाळेतल्या माणसाबरोबर. चौथा, पायाची दोरी तुटली आणि फळी गेली तर? "पोहून येईन, आज्जी. गेले आठ महिने तेच करतेय, आठवड्यातून तीन दिवस तलावात." पाचवा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटत होता, आज पाण्यात जायचं नाही हे चौघांत कोण ठरवणार? थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "ज्याला नको वाटेल तो. एकाने नाही म्हटलं तर चौघंही नाही. आणि कारण विचारायचं नाही, असं ठरलंय."

हे ऐकून मी चष्मा काढून पुसला.

मग म्हटलं, पाच दिवस नको, दोन आठवडे राहा, नाहीतर जाऊ नकोस. त्यावर वाद झाला. तिला सुटी नाही, पैसे नाहीत, मित्रांची तिकिटं काढून झालीत. "बघते," म्हणाली. तिच्या आईचंही 'बघते' असंच असायचं, त्याचा अर्थ मला कळतो. पण मी जाऊ नकोस म्हटलं नाही. लेकीला रात्रीच कळवलं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, "आई, या वयात पोहायला शिकता येतं का गं?" तिच्या घराजवळ तलाव आहे, चौकशी करते म्हणाली. मी म्हटलं, कर.

सहावा प्रश्न राहिलाच. जवळचं इस्पितळ किती लांब आणि बर्फात रस्ता बंद झाला तर कसं जायचं? हे तिला सांगता आलं नाही. मी म्हटलं, मग पाच पैकी पाच, पण सहावा कोरा. उत्तर शोधून रविवारी फोन कर.

आज रविवार आहे. तिकडे अजून सकाळच व्हायची आहे.